दुर्बिणीवर फुटलेला नारळ

पुंजाजींच्या घरात वस्तू नंतर यायची, वॉरंटी आधी. मिक्सर घेताना भांडी किती, मोटर केवढी, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. "बिघडला तर कोण येणार?" एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी दुकानदाराला घाम फोडला होता. पंख्याचं खोकं, टीव्हीचं खोकं, इस्त्रीचं खोकं, सगळी खोकी माळ्यावर छतापर्यंत रचलेली होती. मुलगा हनुमान याचं लग्न होऊन सून सीमा घरात आली तेव्हा पहिले दोन दिवस तिला वाटत होतं, की सासऱ्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि ते लाजेपोटी सांगत नाहीत.

अशा या पुंजाजींनी बंदुकीला दुर्बीण बसवायचं मनावर घेतलं.

बंदूक छर्ऱ्याची होती, पण हिंगोलीकडच्या पुसेगावच्या शिवारात तिचा मान मोठा होता. हरभरा घाट्यात आला की वानरांच्या टोळ्या उतरायच्या. वानराला छर्रा मारणं म्हणजे मारुतीरायाशी वैर, ते कुणी करणार नाही. म्हणून पुंजाजींनी बांधावरच्या झाडांना जुनी ताटं टांगली होती. टोळी दिसली की ते मचाणावरून नेम धरायचे आणि ताट वाजायचं, ठण्ण! त्या आवाजानं वानरं शेपट्या वर करून पार टेकडीपर्यंत पळायची. पुंजाजींचा नेम असा, की शेजारपाजारच्या शेतकऱ्यांनी स्वतःची राखण सोडून दिली होती. पुंजाजी आहेत म्हटल्यावर हरभऱ्याला काय भीती!

या वर्षी मात्र ताटं मुकी झाली. छर्रा सुटायचा, फांदी हलायची, ताट गप्प. वानरं एकदा मचाणाकडं बघायची आणि पुन्हा घाटे सोलायला लागायची.

"पुंजाजी भौ, काल ताट काहून न्हाई वाजलं?" शेजारच्या दगडोबानं बांधावरून विचारलं. "माझा आर्धा तास खाऊन गेले ना." तास म्हणजे हरभऱ्याची ओळ, पण पुंजाजींच्या काळजाला ते लागायचं तसं लागलं.

"धुकं हाय यंदा," ते म्हणाले.

सत्यभामाबाई घरी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "धुकं दुपारी बाराला बी ऱ्हातं का? अवं, एकडाव डोळे दाखवून या हिंगोलीला."

"डोळ्याला काय झालंय? आमच्या घराण्यात चष्मा कुणाला म्हाईत न्हाई. माझा बाप नव्वदीत सुईत दोरा ओवायचा."

"त्यो वाकळ शिवायचा, बंदूक न्हाई मारायचा."

हा विषय तिथंच संपला, कारण पुंजाजींनी ठरवून टाकलं होतं. बंदूक जुनी झाली, तिला मदत पाहिजे, आणि मदत म्हणजे दुर्बीण.

मग सीमाच्या मोबाइलवर दुर्बिणी बघायचा कार्यक्रम सुरू झाला. सोयरीक बघावी तशा त्यांनी त्या बघितल्या. पहिली दिसायला राजबिंडी होती, पण तिच्या पायी दोन बोकड विकावे लागले असते. दुसरी करडाच्या मोलाची, पण खोक्यावर कंपनीचा पत्ता नाही, फोन नाही. तिसरीला जन्मभराची वॉरंटी होती.

"मामा, ही घ्या की," सीमा म्हणाली. "लाइफटाइम हाय."

"दुरुस्तीला कुठं पाठवायची?"

"परदेशात दिसून राहिलं."

"म्हंजे दुर्बीण विमानात बसणार आन मी मचाणावर बसून तिची वाट पाहणार! वस्तू कशीबी असूं दे सीमे, तिच्या मागं कोण हुभं हाय ते पाहावं. पोरगी देताना आपण नवरदेव पाहतो, पण घराणं आधी पाहतो."

शेवटी एका बोकडात बसणारी, 'गरुडदृष्टी' नावाच्या कंपनीची साधी दुर्बीण त्यांच्या मनात भरली. तिला पाच वर्षांची वॉरंटी होती, पाणी आणि धक्का सोसण्याची हमी होती, आणि मुख्य म्हणजे फोन नंबर होता. पुंजाजींनी खरेदीच्या आधीच त्या नंबरावर फोन लावायला लावला. हे काम सत्यभामाबाईंचं. पुंजाजी स्वतः 'एक दाबा, दोन दाबा' सुरू झालं की घाबरून फोन ठेवून द्यायचे. सत्यभामाबाई मात्र सगळी बटणं दाबून, सगळी गाणी ऐकून, शेवटी जिवंत माणूस गाठायच्याच. पुंजाजींच्या मते या विद्येत तिची बरोबरी करणारं माणूस अख्ख्या सेनगाव तालुक्यात नव्हतं.

"मॅडम, अभी कुछ बिघडा नही," त्या कंपनीच्या बाईला म्हणाल्या. "लेकिन बिघडा तो तुम हायेत ना?"

बाई हसली आणि म्हणाली, "आहोत ना मावशी. मी साताऱ्याची आहे, मराठीत बोला." तिथंच सोयरीक पक्की झाली.

दुर्बीण आली. पुंजाजींनी ती बंदुकीवर चढवली, खोकं नीट माळ्यावर ठेवलं आणि मचाणाकडं निघाले, तर दारात सत्यभामाबाई ताट घेऊन उभ्या. नवी वस्तू घरात आली आणि पूजा न करता वापरली, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. ट्रॅक्टरची झाली, पिठाच्या गिरणीची झाली, सीमाच्या मोबाइलची सुद्धा झाली होती. त्यांनी दुर्बिणीला हळद लावली, कुंकवाची बोटं ओढली आणि नारळ उंबऱ्याच्या दगडावर आपटला. नारळ फुटला, पाण्याची चिळकांडी थेट दुर्बिणीवर उडाली, आणि वरचं अर्धं भकल हातातून निसटून तिच्यावर ठक्कन बसलं.

पुंजाजी धावले. त्यांनी धोतराच्या सोग्यानं काच पुसली, उजवा डोळा लावला आणि भिंतीला टेकले. "गेली! सगळं पांढरं दिसून राहिलं. बंदूक फुटायच्या आधी हिनं वारंटी फोडली!"

"खोक्यावर लिव्हलंय ना, पाणी सोसती म्हणून?"

"पावसाचं पाणी, हनुमानाची माय! नारळाच्या पाण्याचं कुठं लिव्हलंय?"

सत्यभामाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "द्या इकडं. मी बोलते कंपनीशी."

मोबाइलला रेंज मचाणावर चांगली यायची. त्या बंदूक घेऊन वर चढल्या. खाली पुंजाजी हात जोडून उभे होते. वरून अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. "व्हय मॅडम... नारळ... न्हाई, नारळ खायाचा... आपल्या हातानं फोडला..." मग बराच वेळ काहीच नाही. मग सत्यभामाबाई खाली उतरल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "बदलून देतो म्हणली. दुर्बीण खोक्यासकट वापस पाठवायची."

"खोक्यासकट!" पुंजाजींचा चेहरा फुलला. "आता कळलं का, खोकी काहून ठेवतो ते? आन नारळाचं सांगितलं?"

"समदं खरं सांगितलं."

पुंजाजींना बायकोचं फार कौतुक वाटलं. दगडाला पाझर फोडणारी माणसं त्यांनी ऐकली होती, कंपनीला फोडणारं घरातच निघालं. रात्री जेवताना त्यांनी ते दोनदा बोलून दाखवलं.

आठवड्याभरात सीमानं खाकी टेपनं गुंडाळलेलं पार्सल आणून दिलं. या वेळी पुंजाजींनी हळदीकुंकवाचं ताट स्वतः फळीवर उंच ठेवून दिलं. दुर्बीण चढवली, मचाणावर गेले, टोळी आलीच होती. त्यांनी डोळा लावला. पुन्हा पांढरं! तरीही अंदाजानं ताट टांगलेल्या लिंबाकडं नेम धरला, चाप ओढला, आणि किती दिवसांनी आवाज आला, ठण्ण!

वानरं पळाली. पुंजाजींनी मचाणावरच दोन्ही हात वर केले. "दिसो ना दिसो, वाजलं तर खरं!"

एवढ्यात लिंबाखालून दगडोबा हातात जेवणाचा डबा धरून येताना दिसला. डब्याच्या बुडातून पिवळी धार लागली होती. "पुंजाजी भौ, वरण खालून येऊन राहिलं! डबा फांदीला टांगून विहिरीवर हात धुवायला गेलतो मी. आज डबा व्हता, उद्या तिथं मी असंल."

"दगडोबा, चूक झाली बापा."

"चूक झाली ते ठीक. पण आता बंदूक ठेवून द्या. तुमच्या नेमावर गाव जगलं, आमी इसरणार न्हाई. पण आता न्हाई, भौ." दगडोबा रागानं बोलला असता तर सोसलं असतं. तो मायेनं बोलला, आणि पुंजाजींना खरोखर रडू आलं. बंदूक खुंटीला टांगून ते भिंतीकडं तोंड करून निजले, न जेवता.

सत्यभामाबाई पुन्हा मचाणावर गेल्या, पुन्हा फोन झाला. परत येऊन त्या नवऱ्याच्या उशाशी बसल्या. "उठा. कंपनी म्हणती, ही बी बदलून देतो. पण नियम हाय. वापरणाऱ्याचा डोळा साफ हाय असं डाक्टरचं सर्टिफिकेट लागतं."

पुंजाजी उठून बसले. "बराबर हाय! कंपनी म्हंजे कंपनी. किती बारीक विचार करून राहिले बघ."

बायकोनं इतके दिवस सांगितलेलं जे त्यांनी कानाआड केलं, ते कंपनीनं एकदा सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी ते इस्त्रीचं धोतर नेसून हिंगोलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात हजर झाले. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा डावा डोळा झाकला.

"बाबा, समोर काय दिसतं?"

"भिंत."

"भिंतीवर काय?"

"धुकं."

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, बाबा."

"पिकला काय न काय, आपल्याला फकस्त सर्टिफिकेट पाहिजे," पुंजाजी म्हणाले. मग शब्दाचा अर्थ हळूहळू डोक्यात शिरला आणि ते खुर्चीतच खचले. सत्यभामाबाईंनी त्यांचा हात धरला. बाईंनी समजावलं, आत नवीन भिंग बसवायचं, घाबरायचं काही नाही.

"भिंग?" पुंजाजींनी मान वर केली. "त्याला वारंटी किती?"

"तुम्ही आहात तोवर."

"आन मी गेल्यावर? पोराच्या नावावर करता येतं का?"

ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून पुंजाजी ओसरीवर बसून राहू लागले. हरभऱ्याचं काय झालं असेल, या विचारानं जीव टांगणीला. तेवढ्यात एका सकाळी शिवारातून आवाज आला, ठण्ण! थोड्या वेळानं पुन्हा ठण्ण! एकही छर्रा वाया जाईना.

"सीमे, कोण मारून राहिलं?"

"आत्याबाई," सीमा म्हणाली आणि घाईनं आत गेली.

पुंजाजी थक्क झाले. चाळीस वर्षं जिच्या हातची भाकर खाल्ली तिचा नेम असा? मग दुसरा विचार आला, की त्या बिघडलेल्या दुर्बिणीतून हिला ताट दिसतं कसं?

चष्मा उतरवायची परवानगी मिळाली त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा बंदूक मांडीवर घेतली आणि दुर्बीण उजव्या डोळ्यासमोर धरली. नव्या भिंगातून जग कसं धुतल्यासारखं दिसत होतं. दुर्बिणीवरचं एकेक अक्षर, एकेक खाच. आणि एका स्क्रूच्या खाचेत त्यांना काहीतरी लाल दिसलं. त्यांनी नखानं उकरून बघितलं. कुंकू होतं.

या दुर्बिणीची तर पूजाच झाली नव्हती.

"हनुमानाची माय!"

सत्यभामाबाई पदराला हात पुसत आल्या. नवऱ्याच्या नखाकडं बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. "दिसलं म्हणा की," त्या म्हणाल्या.

"दुर्बीण बदललीच न्हाई?"

"काहून बदलायची? पहिल्याच दिशी मॅडम म्हणली, मावशी, आधी दुसऱ्या माणसानं पाहा. मी मचाणावरून पाह्यलं. दगडोबाच्या बाभळीवरच्या कावळ्याची चोच दिसली मला. नारळ पडून बी काच कशी लख्ख! मग मॅडमच म्हणली, काका ऐकत नसतील तर कंपनीचं नाव घ्या."

"मंग आठ दिवस कुठं व्हती दुर्बीण?"

"ज्वारीच्या कोठीत. पहिल्याच दिशी दवाखाना म्हणले असते तर तुमी जनमभर माझ्या नारळाला बोल लावला असता. आधी नारळावरचा आळ सुटाया पाहिजे व्हता."

पुंजाजींनी बंदूक बाजूला ठेवली आणि बायकोकडं बघितलं. रागवायचं त्यांच्या मनात होतं, पण नव्या डोळ्याला समोर जी बाई दिसत होती, तिच्यावर रागवणं त्यांना जमेना. वस्तूच्या मागं कोण उभं आहे ते पाहावं, असं ते जन्मभर सगळ्यांना सांगत आले होते, आणि स्वतःच्या मागं कोण उभं आहे ते बघायला त्यांना हिंगोलीहून भिंग आणावं लागलं होतं.

"तुझी वारंटी कितीची?" त्यांनी विचारलं.

"जाऊं द्या, सून ऐकून राहिली," सत्यभामाबाई लाजून आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात फळीवरचं ते ताट होतं. ताटात हळद, कुंकू आणि सोललेला नारळ. "बसा पाटावर. येवढा नवा डोळा आलाय घरात, पूजा न्हाई केली अजून."

पुंजाजींनी दोन्ही हातांनी उजवा डोळा झाकला आणि पाठीमागं सरकत सरकत थेट अंगणात गेले.