डॉल्बीवर विलंबित ख्याल

शिवशरणनं खरं तर दोनच स्पीकर सांगितले होते. बायकोचा पहिला अल्बम निघतोय, निदान गल्लीनं तरी ऐकावा, एवढाच साधा विचार. (साधा विचार हा या माणसाचा जन्माचा वैरी.)

शिवांजली लग्नाआधी शास्त्रीय गाणं शिकायची. पुढं संसार, सासूबाईंचं दुखणं आणि नवऱ्याचं गुळाचं दुकान यांत ते मागं पडलं. पन्नाशीत मुलगी प्रेरणा म्हणाली, "आई, आता घरबसल्या अल्बम काढता येतो." प्रेरणा स्वतः इंडी पॉप करायची, म्हणजे खोलीचं दार लावून गिटारवर हळू आवाजात दुःखी व्हायची. तिच्याच माईकवर घरात आईचं रेकॉर्डिंग झालं. शिवशरण रोज म्हणायचा, "झकास!" त्या एका शब्दाच्या जोरावर शिवांजलीनं अख्खा अल्बम पुरा केला.

प्रकाशनाच्या संध्याकाळी डॉल्बीवाला हंबीरराव, शिवशरणचा शाळेपासूनचा दोस्त, ट्रॉलीवर स्पीकरची भिंतच घेऊन आला.

"अरे, दोन सांगितलेले!"

"वहिनींचा अल्बम हाय, लेका. दोन स्पीकरवर बारसं बी होत न्हाय."

"पर हे शास्त्रीय हाय. हळू असतंय."

"हळू असलं तर वाढवू की!"

गल्ली जमली. पहिल्या खुर्चीत शिवांजलीचे म्हातारे गुरुजी, शेजारी इरकल नेसलेली शिवांजली. तंबोरा सुरू झाला आणि समोरच्या घराच्या काचा थरथरल्या. "मागं बारीक कायतरी ऐकू येतंय," म्हणत हंबीररावनं सगळी बटणं वर सारली. शिवांजलीनं कितव्यांदा तरी 'पिया' म्हणून श्वास घेतला, आणि त्या शांततेत शिवशरणचाच आवाज गल्लीभर घुमला:

"अण्णा, अर्धा तास झाला, ही अजून 'पिया'वरच अडकलीया! पिया येऊन, जेवून, झोपला बी असंल की!"

(रेकॉर्डिंग चालू असताना स्वयंपाकघरातून हातकणंगल्याच्या थोरल्या भावाला केलेला फोन. मोबाईलवर ऐकताना तो कुणाच्या ध्यानातही आला नव्हता.)

गल्ली हसून लोळायची बाकी राहिली. हंबीररावनं खूश होऊन तेवढंच परत लावलं. शिवांजली उठली आणि आत गेली. धरणीमायनं पोटात घ्यावं असं शिवशरणला झालं, पण तिथं काँक्रीटचा रस्ता होता.

"अगं, मला तसं म्हणायचं नव्हतं," तो दाराबाहेरून म्हणाला.

"लोकं हसली त्याचं कायबी न्हाय," आतून आवाज आला. "तुमचं 'झकास' खरं धरून बसलेली मी, त्याचं वाईट वाटतंय."

मग अबोला सुरू झाला. ताटात भाकरी यायची, शब्द यायचा नाही. शिवशरणनं नृसिंहवाडीहून बासुंदी आणली, ती प्रेरणानं खाल्ली. शेवटी दुकानात एकटं बसून त्यानं पहिल्यांदाच सगळा अल्बम नीट ऐकला. आणि मेल्याला तो खरंच आवडला! पण आता सांगणार कुठल्या तोंडानं? 'झकास' या शब्दाची किंमत त्यानंच घालवली होती. गुळाच्या ढेपीवर डोकं टेकून तो रडला.

अशातच एका सकाळी मार्केट यार्डातले हमाल ठेक्यात गुणगुणताना त्याला ऐकू आले, "पिया येऊन, जेवून, झोपला बी असंल की!" एकाच्या मोबाईलवर वाजत होतं ते प्रेरणाच्या नव्या अल्बममधलं पहिलंच गाणं. शिवशरणचा आवाज, खाली गिटार. एक गिऱ्हाईक म्हणालं, "पावणं, एकदा समोर म्हणून दावा की."

तो तसाच घरी धावला. "प्रेरणा! कुणाला इचारून केलंस हे?"

"आईला."

"व्हय, मीच हो म्हटलं," शिवांजली स्वयंपाकघरातून बोलली. किती दिवसांनी बोलली! "ते ऐकून लोकं माझा अल्बम बी ऐकाय लागल्यात."

"म्हंजे मला माफ केलंस?"

"ते गुरुजींवर सोडलंय. त्यांनी बी ऐकलं तुमचं गाणं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माणूस बोलताना सुद्धा बेसूर हाय. उद्या पहाटेपासनं शिकाय धाडून दे. नुसता 'सा' लावायलाच वर्ष जाईल."