लॅम्प्रे स्ट्रीटच्या वॉल्टरची पाटी

पितळी पाटी घरी आली त्या दिवसापासून नॉर्मनला जेवायला टेबल उरलं नाही. तो ताटली हातात घेऊन सोफ्याच्या कडेवर बसायचा आणि त्याची बायको ब्रेंडा टेबलावरची पाटी पुसत बसायची. पाटीवर तिच्या दिवंगत वडिलांचं नाव होतं: ‘वॉल्टर ब्लेंकिन. १९४१च्या बॉम्बहल्ल्यात यांच्या प्रसंगावधानामुळे लॅम्प्रे स्ट्रीटची माणसं वाचली.’

“पण तुझ्या बाबांनी नेमकं केलं काय होतं?” नॉर्मनने विचारलं.

“गल्ली वाचवली.”

“ते दिसतंय. कशी?”

कशी ते ब्रेंडालाही ठाऊक नव्हतं. तिचा जन्म नंतरचा. आई एवढंच सांगायची, की तुझ्या बापामुळे सगळे जिवंत राहिले. आणि विषय निघाला की बाप उठून परसात जायचा. याला ब्रेंडा विनय समजत असे. ब्लेंकिन घराणं मुळातच फार विनयी, असं ती हल शहरात भेटेल त्याला ऐकवायची.

गल्ली कधीच पाडली गेली होती, माणसं नव्या वस्त्यांत पांगली होती. ब्रेंडाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली, दिसेल त्या आडनावाला फोन केले आणि अखेर दोन शेजारी शोधून काढले: विनी हार्नेस आणि सिरिल रड. त्यांच्या साक्षीने पाटीचं अनावरण करायचं ठरलं. तिने चर्चचा हॉल मागितला. पाद्रीबाबांनी ही गोष्ट रेडिओवाल्यांना सांगितली. रेडिओवाल्यांनी ती सगळ्या शहराला सांगितली. त्यामुळे अनावरणाच्या दिवशी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

“वॉल्टरची मुलगी का गं तू?” विनीमावशींनी चष्म्यावरून पाहिलं. “नाक तेच आहे.”

“कोण वॉल्टर?” सिरिलने हॅम सँडविच खाली ठेवलं. “डुकरिणीचं दार उघडं टाकलं होतं, तो?”

“कुठली डुकरीण?” ब्रेंडाने विचारलं.

“आपली. गल्लीची. घराघरातली बटाट्याची सालं घालून पोसली होती. मेबल. रात्री दार लावायचं काम तुझ्या बापाकडे, आणि त्या रात्री विसरला गडी. भोंगा झाला, आम्ही बंकरकडे निघालो, तर मेबल सुटली रेल्वेच्या बांधाकडे. आमचा ख्रिसमस पळत होता गं. झाडून सगळी गल्ली तिच्यामागे. तेवढ्यात बॉम्ब पडला, तो नेमका रिकाम्या बंकरवर.”

ब्रेंडाचा चेहरा पडला. ती नॉर्मनच्या कानाला लागली. “पाटी काढ. आत्ताच्या आत्ता.”

“भिंतीत सहा स्क्रू मारलेत. तूच म्हणालीस, जन्मात निघता कामा नये.”

तिकडे पाद्रीबाबा माइकवर टिचक्या मारू लागले होते. “पाटीवर लिहिलंय तरी काय?” सिरिलने विचारलं. ब्रेंडाने मेल्या आवाजात सांगितलं. प्रसंगावधान हा शब्द ऐकून सिरिल इतका हसला की चहा त्याच्या पॅंटवर सांडला.

“हस बाबा,” विनीमावशी म्हणाल्या. “त्या ख्रिसमसला तू कुठे होतास?”

“पलटणीत.”

“मग तुला काय डोंबल कळणार.” त्या ब्रेंडाकडे वळल्या. “ऐक, पोरी. ख्रिसमसला तिला कापायची होती. लढाईतलं रेशन, निम्मं मांस सरकारजमा. पण जिच्यामागे धावून जीव वाचला तिच्यावर सुरी चालवायला गल्लीत कोणी तयार होईना. मांसाची चवही विसरलेली माणसं, पण कोणी तयार होईना. आणि सरकारचा माणूस तर खाटकासकट दारात. तेव्हा तुझा बाप पुढे झाला. म्हणाला, ‘साहेब, पळाली हो. दार लावायचं विसरलो. मला खोडच आहे, कोणालाही विचारा.’ आम्ही सगळ्यांनी सांगितलं, हो साहेब, हा विसरभोळाच.”

“आणि मेबल?”

“आमच्या बाहेरच्या खोलीत. पाद्रीबाबा आले तरच उघडायची ती खोली. आम्हा पोरांना तिथे पाऊल टाकायची बंदी. आईने तिला गालिच्यावर बसवलं होतं. पुढे मावशीच्या शेतावर म्हातारी होऊन मेली.”

“मग बाबा उठून का जायचे?”

“सरकारला फसवलं होतं बाई त्याने. पोलीस येतील ही धास्ती जन्मभर गेली नाही. पाटी राहू दे. एक अक्षर बदलायचं नाही.”

ब्रेंडाचा ऊर भरून आला. विनयी बापाचा तिला अभिमान होताच. या लबाड बापाचा दुप्पट वाटला. तिने स्वतः पाटीवरचं फडकं ओढलं. टाळ्या थांबल्यावर रेडिओवाल्याने माइक तिच्यापुढे धरला आणि वडिलांनी गल्ली कशी वाचवली ते विचारलं.

“दार उघडं टाकून,” ब्रेंडा ताठ मानेने म्हणाली. “आणि डुकरीण वाचवली ती दार उघडं टाकलं असं खोटं सांगून.”