लोळण-उद्यान

एका जंगलात, बाळांनो, एक गाढव होते आणि ते सुखी होते. गाढव असण्यास हरकत नसते. सुखी असणे मात्र राज्याच्या नजरेत येते.

या गाढवाचे नाव गोंदाजी. पहाटेपासून तो राजवाड्यासाठी मिठाच्या गोण्या वाहत असे. सायंकाळी पाठीवरचे ओझे उतरले, की ओढ्याकाठच्या मऊ धुळीत जाऊन तो आडवा होई. चारी पाय आभाळाकडे. पाठ मातीला. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. देवाने प्रत्येक जीवाला एक तरी मेवा दिला आहे. गाढवाला लोळण दिली.

त्या सुखात गोंदाजीच्या तोंडून एक आरोळी निघे. ती साऱ्या रानाला ऐकू जाई.

त्याची बायको भिवरा रोज म्हणे, “अहो, लोळायचं तर लोळा. गाव कशाला गोळा करता?”

“आतून येतं गं. दाबलं तर पोटात दुखतं.”

एके सायंकाळी ती आरोळी सिंहमहाराजांच्या कानी पडली. महाराजांना त्या दिवशी करमत नव्हते.

“आमच्या राज्यात इतका आनंद कोणाला झाला?” त्यांनी विचारले. “आणि आम्हाला न विचारता?”

“गाढव लोळते आहे, महाराज,” कोल्हा म्हणाला. तो राज्याचा दिवाण होता.

“एकटेच?”

“एकटेच.”

“हा अन्याय आहे. हे सुख सर्व प्रजेला मिळाले पाहिजे.”

कोल्ह्याने विरंगुळा खाते काढले. राज्यभर सोयी होऊ लागल्या. माकडांसाठी लाकडी झोके झाले. लाकूड हवे म्हणून त्यांचीच झाडे तोडली. कासवांना धावपट्टी मिळाली. वटवाघळांना बसायला बाके आली. घुबडांसाठी सूर्यदर्शनाचा कट्टा बांधला. प्रजेने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणे हाही विरंगुळाच होय, असे खात्याने कळवले.

ओढ्याकाठी लोळण-उद्यान ठरले. त्यासाठी धूळ उपसायची होती आणि फरश्या आणायच्या होत्या. ओझे म्हटले की गोंदाजी आलाच.

“दिवाणजी,” त्याने भीत भीत विचारले, “धूळच काढली तर लोळायचं कशावर?”

“फरशीवर. कशी गुळगुळीत आहे बघ! शेजारी कारंजे उडेल, मोर बासरी वाजवील. तुझ्यासाठीच चाललंय रे हे सगळं. चल, उचल.”

आपल्यासाठी आहे म्हटल्यावर गोंदाजीने दोन फेऱ्या जास्त केल्या. उपसलेली धूळ त्याने कुंपणामागे नेऊन टाकली. काम संपेपर्यंत त्याला लोळण मिळाली नाही. पाठ अशी खाजे, की दिसेल त्या झाडाला तो अंग घाशी. झाडेही आता थोडीच उरली होती.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. पहिली लोळण महाराजांची. महाराजांनी जन्मात असले काही केले नव्हते. ते जपून आडवे झाले. त्यांनी पाय वर केले. आणि ते घसरले.

फरशीला उतार होता. महाराज गरगरत निघाले.

“राजा लोळतो आणि आपण उभे?” असे ओरडून कोल्ह्याने अंग टाकले. मागोमाग अस्वल पडले. तरस पडले. हत्तीही पडला. हत्ती पडल्यावर बाकीच्यांना विचार करावा लागला नाही. सारा दरबार कारंज्याला वळसा घालून, बासरीवाल्या मोरासकट, ओढ्यात गेला.

“कसे वाटले, महाराज?” नाकातले पाणी शिंकरत कोल्ह्याने विचारले.

“विरंगुळा झाला,” महाराज म्हणाले. त्यांच्या आयाळीत एक बेडूक बसला होता.

बाळांनो, हसू नका. प्रजाही हसली नाही. तिने ओठ इतके आवळले, की काठावरचे सारे ससे नुसतेच थरथरत होते.

मग गोंदाजीची पाळी आली. फाटकावर साळिंदर पहारेकरी होते.

“धुळीचे अंग चालणार नाही,” साळिंदर म्हणाले. “पाय वर करायचे ते दोनच. ओरडायचे मुळीच नाही.”

“मग लोळायचं कसं?”

“शिस्तीत.”

गोंदाजी शिस्तीत लोळला. पाठीचा कणा फरशीवर खडखड वाजला. खाज गेली नाही. आरोळी आली नाही. तो उठला आणि मान खाली घालून बाहेर आला.

“भिवरे, माझं सुख गेलं गं.”

“जातंय कुठं? तुम्हीच नाही का कुंपणामागं टाकून आलात?”

गोंदाजी धावत गेला. तेथे त्याच्याच धुळीचा ढीग होता. त्याने अंग झोकून दिले. उजवीकडे! डावीकडे! पुन्हा उजवीकडे! इतक्या दिवसांची साठलेली आरोळी बाहेर पडली, तशी झाडावरची कावळ्यांची वस्ती उठली.

आणि काटे फुलवून साळिंदर आले. “काय चाललंय इथे?”

मागोमाग आलेल्या भिवराने डोळे मिटले. गोंदाजीचे पाय वरचे वरच राहिले. तो जन्मात खोटे बोलला नव्हता. पण सुख म्हणावे, तर उद्या याच पाठीवरून येथेही फरशी येणार.

“शिक्षा भोगतोय,” तो म्हणाला.

“कोणी दिली?”

“वरून आलीय.”

साळिंदराचे काटे खाली बसले. वरून आलेल्या गोष्टीची चौकशी करू नये, एवढे त्याला कळत होते.

“किती दिवस?”

“जन्मभर.”

“अरेरे. मग नीट भोग. अंगचोरपणा नको. आणि ओरड हो मोठ्याने, शिक्षा झालेली कळली पाहिजे.”

त्या सायंकाळी महाराज पाठ शेकत पडले होते. आरोळी आली.

“कोण रडते आहे?”

“गाढव, महाराज. शिक्षा भोगते आहे.”

“आमचे राज्य न्यायाचे आहे,” असे म्हणून महाराज कण्हत कुशीवर वळले.

पुढे माकडांनी साळिंदराला गाठून हळूच विचारले, “आम्हालाही काही शिक्षा मिळेल का हो?” मग ससे आले. मग कासवे आली. हळूहळू सारी प्रजा कुंपणामागे शिक्षा भोगू लागली आणि रान आरोळ्यांनी दुमदुमले. उद्यानात आता महाराज आणि दिवाण दोघेच लोळत. त्यांना सुटका नव्हती.

तात्पर्य : देवाशी नेहमी खरे बोलावे. राज्याने सुखाचा पत्ता विचारला, तर मात्र त्या सुखाला शिक्षा म्हणावे. शिक्षेच्या जागेचे सुशोभीकरण कोणी करत नाही.