बारशाला निघालेला सॉलिड ॲक्सल

चारही चाकांपुढे लिंबं ठेवून झाली, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उमटली, नारळ फुटला, आणि मंजुनाथने मोठ्या ऐटीत जीप पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला. जीप तितक्याच ऐटीत मागे गेली. चाकांपुढची लिंबं जागच्या जागी राहिली.

“रिव्हर्स पडला वाटतं,” असं पुटपुटत त्याने गिअरचा दांडा पुन्हा नीट पहिल्यात घातला. या खेपेला जीप आणखी जोरात मागे गेली आणि अंगणातल्या पाण्याच्या बॅरलला धडकली. बॅरल आडवं झालं, पाणी शेजाऱ्यांच्या दारात शिरलं, आणि मंजुनाथच्या आईचं, शिवबाईंचं, घाबरल्यावर नेहमी व्हायचं तेच झालं. मराठी संपलं आणि कन्नड सुरू झालं.

“निल्सो, मंजू, निल्सो,” पूजेचं ताट छातीशी धरून त्या पायरीवरून ओरडल्या. मग मुलाच्या सोयीसाठी मराठीतही म्हणाल्या, “थांबव की रं.”

मंजुनाथची बायको सिद्धेश्वरी इरकल साडी नेसून तयार उभी होती. ती ओरडली वगैरे नाही. शाळेत शिकवणाऱ्या बाईने वर्गातल्या गोंधळाकडे बघावं तसं तिने जीपकडे बघितलं आणि मग घड्याळाकडे बघितलं.

“सव्वानऊ झालेत,” ती म्हणाली. “बारसं बाराला हाय. आन आत्या मी हाय.”

या तीन वाक्यांत मंजुनाथचं सगळं भवितव्य आलं होतं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या विमा कचेरीत आठवडाभर फायली चाळणाऱ्या या माणसाला एकच नाद होता, रविवारी जीप काढायची आणि ओढ्यानाल्यांत घालायची. त्यात कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की पुढची दोन चाकं वेगवेगळी हलणारी जीप म्हणजे खेळणं. खरी जीप ती, जिच्या पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग लोखंडी आस असतो. सॉलिड ॲक्सल. झालं, त्या दिवसापासून अंगणात जीपचं बाळंतपण सुरू झालं. चार महिने ती विटांवर उभी होती. सिद्धेश्वरीची ओढणी ग्रीसमध्ये भिजली, शिवबाईंच्या वाळवणाच्या साड्यांवर नटबोल्टचे पाने वाळले, आणि सॉलिड ॲक्सलचे फायदे त्या दोघींनी इतक्यांदा ऐकले, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी पाठ म्हणून दाखवले असते.

शेवटी सिद्धेश्वरीने निकाल दिला. वळसंगला तिच्या भावाच्या मुलीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगणार आत्या, म्हणजे तीच. जीपने तिला वेळेत वळसंगला पोचवलं तर जीप राहील. नाही पोचवलं तर सोमवारी भंगारवाला बोलवायचा. मंजुनाथने हसत हसत कबूल केलं होतं.

आता तो हसत नव्हता. त्याने मेकॅनिक महिपतीला फोन लावला. पावणेदहाला महिपती स्कूटरवरून आला, पाण्यातच पाठ टेकून जीपखाली सरकला आणि पाच मिनिटांनी प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आला.

“सायेब, ॲक्सल एक नंबर बसलाय. हलायचं नाव न्हाय.”

“मग जीप मागं का जातीय?”

“पालथा बसलाय न्हवं,” महिपती म्हणाला. “तुमी आणलेल्या ॲक्सलचा ताकद घेणारा मधला गोळा उजव्या अंगाला. आपल्या गिअरबॉक्सचा ताकद देणारा दांडा, शाफ्ट, येतोय डाव्या अंगाला. मंग मी काय केलं, भाकरी उलटावी तसा ॲक्सल उलटला. गोळा बरोबर डावीकडं आला की.”

“आणि चाकं?”

“ती बी उलटी फिराय लागली. त्ये माझ्या ध्यानात न्हाय आलं. आता पुढं म्हटलं की मागं, आन मागं म्हटलं की पुढं. ताकदीत मात्र काय बी फरक न्हाय.”

एरवी मागची चाकं जीपला ढकलून पुढे नेऊ शकली असती. पण मागच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट दुरुस्तीला लेथवाल्याकडे गेलेला होता आणि रविवारी लेथवाला बंद. सगळी भिस्त पुढच्या पालथ्या ॲक्सलवर होती.

“रिक्षा करायची का?” सिद्धेश्वरीने विचारलं. “करू की. मग उद्या जीप भंगारात.”

“रिव्हर्समध्ये जीप पुढं जातीय ना?” मंजुनाथ घाईने म्हणाला. “मग बसा सगळे. रिव्हर्समध्येच जाऊ.”

रिव्हर्स टाकला आणि जीप खरंच पुढे निघाली. लिंबं फुटली. शिवबाईंनी हात जोडले, महिपतीने जणू हे सगळं त्यानेच ठरवलेलं असावं अशा थाटात रस्ता मोकळा करून दिला, आणि बारशाची मंडळी अक्कलकोट रोडला लागली.

मंजुनाथला आपल्या हुशारीचा अभिमान वाटला, तो दहा मिनिटं टिकला. मागे जायला चार चार गिअर होते आणि पुढे जायला एकच, तोही किंचाळणारा. जीप ताशी दहाच्या पुढे जाईना. दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला, जाताना “काय, पंचर का?” असं आपुलकीने विचारून गेला. कुंभारीच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली. अकरा वाजले होते आणि अर्धी वाटही सरली नव्हती.

“आत्यावाचून पाळण्यात घालत्यात का कुटं,” शिवबाई मागच्या बाकावरून काळजीने म्हणाल्या. “पोरगी बिननावाची ऱ्हाईल.”

मंजुनाथच्या डोळ्यांपुढे भंगारवाल्याचा तराजू दिसत होता, आणि त्यात त्याचा नवा कोरा, पालथा, लाडका ॲक्सल. हे सगळं इतकं दुःखाचं होतं की त्याला सिद्धेश्वरीचं बोलणंच ऐकू आलं नाही. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

“गाडी फिरवा. शेपूट वळसंगकडं करा. आता मागं चालवा.”

“मागं? आन मला दिसणार कसं?”

“तुमाला कशाला दिसाय पाहिजे? मी बघते की.”

जीप फिरली. इंजीन निवेपर्यंत मागचा कॅनव्हास वर गुंडाळला गेला. सिद्धेश्वरी पदर खोचून मागच्या बाकाच्या टोकाला बसली. शिवबाई तिच्या समोर बसल्या. आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या पाठीमागे बसून प्रवास केलेल्या त्या बाईला आज पहिल्यांदा सगळ्यांत पुढची जागा मिळाली होती. समोर मोकळा रस्ता बघून त्या बारसं, पोरगी, नाव सगळं विसरल्या आणि लहान मुलीसारख्या खुदखुदायला लागल्या.

मंजुनाथ मात्र तोंड सोलापूरकडे करून वळसंगला निघाला होता. पहिला, दुसरा, अगदी तिसरासुद्धा गिअर पडला.

“थोडं तुमच्या डावीकडं. बास. सरळ. खड्डा हाय, हळू. आरशात बघू नका.”

“अगं पण...”

“आरशात बघू नका म्हटलं न्हवं. मी सांगते तेवढंच करा.”

मघाचा दूधवाला मंजुनाथच्या समोर आला आणि समोरासमोरच मागे पडत गेला. दोघांनी एकमेकांकडे बराच वेळ बघितलं. एका टेम्पोवाल्याने तर घाबरून आपलीच गाडी रस्त्याखाली उतरवली आणि खाली उतरून तिला चारी बाजूंनी तपासली.

पुढे एका फाट्यावर पोलिसाने हात केला. तो जीपच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दोनदा चालत गेला.

“कुटं निघालाव?”

“वळसंगला,” मंजुनाथ म्हणाला.

“मग तोंड सोलापूरकडं कसं?”

“तोंड माझं आहे, साहेब. गाडी वळसंगलाच चालली आहे.”

पोलीस विचारात पडला. गाडी बरोबर बाजूने होती, बरोबर ठिकाणी चालली होती, वेगही बेताचा होता. नुसता चालवणारा पाठमोरा होता. पावतीवर काय लिहावं ते त्याला सुचेना.

“साहेब, बारसं हाय बाराला,” सिद्धेश्वरी म्हणाली. “आन मी आत्या हाय.”

“आत्या?” पोलिसाचा आवाज एकदम बदलला. “मग हितं काय करतायसा, बाई? जावा की लवकर.” आणि तो बाजूला होता होता थबकला. “पण गाडी चालवतंय कोण म्हनायचं?”

“मी,” सिद्धेश्वरी म्हणाली.

स्टिअरिंग धरून बसलेल्या मंजुनाथने हरकत घेण्यासाठी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात मागून “चला, सोडा क्लच” असा हुकूम आला आणि त्याने तो पाळला.

बाराला सात मिनिटं कमी असताना जीप वळसंगच्या मांडवात शिरली. शेपूट आधी शिरलं. वाटेत दोन्ही बाजूंना मोटारसायकली, एकीकडे आचाऱ्याची चूल, दुसरीकडे खुर्च्यांची चळत. सिद्धेश्वरीने “इंचभर डावं, आता सोडा, आता पुन्हा डावं” करत जीप त्यांच्यामधून अशी नेली, की चुलीवरच्या आमटीला हिसका बसला नाही. पाळण्यापासून चार हातांवर ती थांबली. सिद्धेश्वरी उतरली आणि थेट बाळाच्या कानाशी वाकली. कुर्र झालं, पाठीवर धपाटे पडले, नाव ठेवलं, आरोही.

मंजुनाथ जीपमधून उतरला तेव्हा त्याची मान आखडली होती, पण मन नाचत होतं. जीप वाचली होती. त्याला ती धुळीने माखलेली, वाफाळलेली जीप इतकी देखणी कधीच दिसली नव्हती. सासरे, शिवानंद पाटील, जीपभोवती फिरत होते.

“एवढ्याशा जागेतनं कुणी काढली गाडी?”

“सिद्धीनं,” शिवबाईंनी झटकन सांगितलं.

“वाटलंच,” शिवानंद म्हणाले. “नववीत असताना ट्रॅक्टर शिकवला तिला. उसानं भरलेली ट्रॉली मागं घ्यायची म्हटलं की समदं गाव हिलाच बोलवायचं.”

मंजुनाथने बायकोकडे बघितलं. “चौदा वर्षांत बोलली नाहीस कधी.”

“चौदा वर्षांत तुमी विचारलं न्हाय,” सिद्धेश्वरी शांतपणे म्हणाली. “गाडी भंगारात जाणार न्हाय. ठरल्याप्रमाणं राहील.” आणि तिने हात पुढे केला. “पण चावी माझ्याकडं. उद्या महिपतीला मागचा शाफ्ट घेऊन हितं बोलवते. मग परत जाताना मीच चालवीन.”

“आणि मी?”

“तुमी शेजारी बसा,” ती म्हणाली. “वळसंगचा रस्ता बघून घ्या एकदा. येताना तुमाला दिसला न्हाय.”