तळमजल्यावर स्वीकारले जाईल

दिवसा कोणीतरी घरी असणे, हा सर्व संस्कृतीचा पाया आहे. राज्ये, धर्म आणि रेल्वेची वेळापत्रके नंतर आली. आधी कोणीतरी घरी होते. जर्मनीतल्या कासेल शहरातील आमच्या चार मजली इमारतीत हे पद माझ्याकडे आहे. नेमणूक कोणी केली, हे सांगता येणार नाही. मी पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूची तयार करतो, म्हणजे इतरांच्या आयुष्यात कोण कोणत्या पानावर भेटते याची नोंद ठेवतो, आणि हे काम खिडकीशी बसून होते. खिडकी तळमजल्यावर आहे. एवढी पात्रता पुरेशी ठरली.

कार्यपद्धती अशी. मिर्साद नावाचा पार्सलवाला गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभी करतो आणि तळहाताने सर्व घंटा एकदम दाबतो. इमारतीत जो प्रथम श्वास घेईल, तो शेजारी. मग वरच्या बिऱ्हाडांच्या टपालपेट्यांत चिठ्ठ्या पडतात: 'आपले पार्सल शेजाऱ्याकडे दिले आहे. एगेलिंग, तळमजला.' ज्याचे पार्सल, त्याची संमती घेतलेली नसते, माझीही नसते. (खुद्द पार्सलला काय वाटते, हे अद्याप कोणी विचारलेले नाही.)

"हे एवढं सगळं माझ्याकडे?" मी सुरुवातीला विचारीत असे.

"मग कुठे नेऊ? इमारतीला लिफ्ट नाही आणि खाली तुम्ही आहात," मिर्साद म्हणे. "देवानं हिशेब करूनच दिलंय."

तक्रारीला जागा पुष्कळ होती. एका हिवाळ्यात माझ्या बाहेरच्या खोलीत दोन गाद्या, आवाज न खपणाऱ्या हेर (म्हणजे श्रीयुत) पोलश्रोडर यांचे बर्फ ढकलण्याचे फावडे आणि कोणाचा तरी प्लास्टिकचा नाताळवृक्ष एकत्र नांदत होते, आणि वृक्षाला वळसा घालून मी स्वयंपाकघरात जात असे. परंतु सत्य नोंदवायचे तर, संध्याकाळी घंटा वाजत असे. माझी. त्यापूर्वी ती वाजलेलीच नव्हती. पहिल्यांदा वाजली, तेव्हा शेजारी पाहुणे आले असावेत असे समजून मी त्यांच्यासाठी मनोमन संतोष मानला होता.

दारात उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यांचे मी व्यवसायाच्या सवयीने वर्गीकरण केले. साठ टक्के 'धन्यवाद', तीस टक्के 'तुम्हाला उगाच त्रास', नऊ टक्के हवामान. उरलेला एक टक्का म्हणजे चौथ्या मजल्यावरील फ्राऊ ओल्रोगे.

त्या महापालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवतात. दिवसभर ओरडावे लागत असल्यामुळे घरी आल्यावर त्या इतक्या हळू बोलतात, की ऐकण्यासाठी माणसाला थोडे पुढे वाकावे लागते. (मी वाकत असे.) शहराबाहेर भाड्याने घेतलेला बागेचा एक तुकडा त्यांच्याकडे आहे, आणि त्या बागेसाठी एकदा आलेल्या खोक्यावर लाल अक्षरांत 'जिवंत प्राणी' असे छापलेले होते. त्या खोक्याजवळ मी दिवा लावून ठेवला. मग विझवला, कारण आतील मंडळींची आवड मला ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्राऊ ओल्रोगे खाली आल्या.

"गांडुळं आहेत," त्या म्हणाल्या. "खतासाठी. पाचशे आहेत म्हणे."

"मी मोजली नाहीत."

"त्रास नाही ना दिला?"

"छे, फार शांत होती. हेर पोलश्रोडरना चालतील अशी."

त्या हसल्या. आमच्या जिन्यात हसू सहसा नसल्यामुळे ते कुठे जावे हे न कळून बराच वेळ तेथेच घुटमळत राहिले.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "काल दोनदा येऊन परत गेले. आधी दुपारची शांतता होती. मग म्हटलं, जेवत असाल. आणि आठनंतर कुणाची बेल वाजवायची म्हणजे…"

"म्हणजे कुणीतरी गेलं असंच वाटतं."

"तेच की!"

दोनदा येऊन परत गेले. या वाक्याची नोंद मी पुढे अनेक पानांवर केली.

प्रश्न गंभीर होता. आमच्याकडे दुपारी एक ते तीन नियमाची शांतता, संध्याकाळी जेवण, आठनंतर शिष्टाचार, शनिवारी जिना पुसण्याची पाळी आणि रविवारी परमेश्वर. उरलेल्या वेळात सभ्य माणूस कामावर असतो. अर्थात, शेजाऱ्याची घंटा वाजवता येईल अशी वेळ आमच्या देशात निर्माणच झालेली नाही. आपण ही उणीव भरून काढावी, असा निर्णय मी घेतला. टपालपेट्यांशेजारी मी चार टाचण्यांनी एक सूचना लावली: 'पार्सल नेण्यासाठी तळमजल्यावर केव्हाही घंटा वाजवावी. दुपारी, जेवणाच्या वेळी व आठनंतरही. कृपया संकोच करू नये. एगेलिंग.' असे काही मी प्रत्यक्ष बोलू शकलो असतो, तर कागदाची गरज नव्हती.

येथे चूक झाली. या देशात जन्मलेल्या माणसाकडून तरी ती व्हायला नको होती. आमच्या भिंतीवर आजवर लागलेल्या सूचना पुढीलप्रमाणे: रविवारी काचेच्या बाटल्या टाकणाऱ्या इसमास; बाबागाडी जिन्यात ठेवणाऱ्या कुटुंबास; मासे तळणाऱ्या व्यक्तीस (ही व्यक्ती अंथरुणाला खिळलेली होती व मासे तिची नर्स तळत असे); दार आपटणाऱ्या सर्वांस. प्रत्येक सूचनेत 'कृपया' होते. आमच्याकडे माणूस संतापल्याखेरीज टाचणीला हात लावीत नाही, आणि जितका संतापतो तितका सौजन्याने लिहितो. माझी सूचना तर सौजन्याने नुसती ओथंबलेली होती.

पहिल्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे हेर पोलश्रोडर आले. जिना पुसण्याच्या पाळ्या तेच लावतात.

"एगेलिंग, वाचलं. तुमचं शंभर टक्के बरोबर आहे."

"अहो, मला फक्त असं म्हणायचं होतं, की लोकांनी यावं…"

"कळलं हो! 'जेवणाच्या वेळी व आठनंतरही'! असा चाबूक या घरात अजून कुणी ओढला नव्हता. माझी बायको तर रडली."

"मी खरंच लिहिलंय ते."

"खरंच तर आहे! माणूस सोसून सोसून किती सोसणार? निश्चिंत राहा, मी सगळ्यांना बजावलंय."

आठवडाभरात सर्व बिऱ्हाडांनी पार्सल कंपनीला कळवून टाकले की आमची पार्सले तळमजल्यावर देऊ नयेत. मला वर्गणीतून चॉकलेटचा डबा मिळाला. फ्राऊ ओल्रोगे जिन्यात भेटल्या.

"माफ करा हं. मला कळायला हवं होतं. ती गांडुळं जरा अतीच झाली."

"नाही हो, उलट…"

"किती सभ्य आहात तुम्ही!" म्हणत त्या दोन-दोन पायऱ्या गाळीत वर गेल्या.

पहिल्या सूचनेचा खुलासा करणारी दुसरी सूचना मी लिहिली, परंतु लावली नाही. एका सूचनेने हेर पोलश्रोडर यांच्या पत्नी रडल्या होत्या. दुसरीने कोणी घर सोडून गेले असते.

"काय केलंत हो?" मिर्सादने विचारले. "यंत्रात तुमच्या नावावर फुली येतेय. कुत्रा पाळलात की काय? आता चौथ्यापर्यंत मी चढतो. माझे गुडघे तुमच्या नावानं बोटं मोडतात!"

घंटा पुन्हा पूर्वीसारखी चांगली वागू लागली. मी परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार केला. शेजाऱ्याच्या दारापर्यंत जाण्याचा एकच मार्ग समाजाने मान्य केलेला आहे: आपले पार्सल तेथे असणे. ते तेथे जाण्यासाठी आपण घरी नसावे लागते. मी नेहमी घरी असतो. म्हणून, घरी राहूनच घरी नसणे क्रमप्राप्त होते. मी दोन कपांचा चहाचा संच मागवला. (माझ्याकडे एकच कप आहे.) दिवस बुधवार निवडला, कारण बुधवारी फ्राऊ ओल्रोगे यांना सुट्टी असते.

घंटा वाजली. मी दाराआड उभा राहिलो.

"एगेलिंग! अहो, दिवा दिसतोय की!"

मी दिवा विझवला.

"आता विझला," मिर्साद स्वतःशी म्हणाला, आणि वर निघाला. प्रत्येक मजल्यावर त्याने आपल्या मातृभाषेत एक-एक वाक्य उच्चारले. परतताना माझ्या पेटीत चिठ्ठी टाकली: 'ओल्रोगे, चौथा मजला.'

बाहेरून आल्यासारखे दिसावे म्हणून मी कोट, बूट आणि मफलर घालून खुर्चीवर बसलो, दुपारची शांतता संपण्याची वाट पाहत. वर गेल्यावर म्हणायचे वाक्यही तयार होते. तीन वाजले, आणि मी उठण्यापूर्वीच जिन्यात हलकी पावले उतरत आली. घंटा वाजली. माझी.

"हेर एगेलिंग? तुमचं पार्सल आलंय माझ्याकडे. म्हटलं आपणच द्यावं आणून."

मी दारापासून हातभर अंतरावर होतो. परंतु मी घरी नव्हतो. तसे चिठ्ठीत लिहिलेले होते. दार उघडले असते, तर मी मिर्सादला चार मजले का चढवले, दिवा का विझवला आणि घरात मफलर का गुंडाळला, याचा खुलासा करावा लागला असता. आणि खरा खुलासा एकच होता.

"नाही खपत त्यांना बेल," जिन्यातून हेर पोलश्रोडर यांचा आवाज आला. "वाजवलीत काय?"

"सूचनेत केव्हाही वाजवा म्हटलं होतं ना."

"त्यातच तर सगळं आलं!"

"मला वाटलं," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला दाराला कान लावावा लागला, "एखादे वेळेस ते खरंच म्हणत असतील."

खोके उंबऱ्याशी ठेवल्याचा आवाज झाला. कप एकमेकांना लागून किणकिणले. पावले वर गेली.

आपण दार उघडले असते, वाचकहो, याविषयी मला शंका नाही. केवळ नोंद पूर्ण व्हावी म्हणून विचारतो: मागच्या वेळी न कळवता कोणी आपली घंटा वाजवली, तेव्हा आपण आधी दाराकडे गेलात, की आधी टीव्हीचा आवाज कमी केलात?