असं कोणी इथे राहत नाही

मंडळी, तोंड बंद ठेवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या संरक्षण खात्यात सापडायचा नाही! सगळी नोकरी धोरण विभागात गेली. कुठली तोफ घ्यायची आणि कुठली नाही, यावर डोकं खाजवून खाजवून टक्कल पडलं, पण घरी अवाक्षर काढलं नाही. लग्न झाल्या झाल्या मी हिला बजावलं होतं, "दारात कोणी अनोळखी माणूस माझी चौकशी करायला आला, तर सरळ कानांवर हात ठेवायचे!"

"आणि तुम्हीच पुढे येऊन कबूल केलंत तर?"

"तरी तू नाहीच म्हणायचं!"

यंदा सचिवपदासाठी माझं नाव पुढे आलं. एवढी वर्षं डोळे लावून बसलो होतो ती खुर्ची अगदी हातातोंडाशी आली. उरली होती फक्त घरी येऊन करायची चौकशी. ती न कळवता करायची, हा नियम माझाच. मला त्याचा भारी अभिमान!

रविवारी सकाळी मी न्हाणीघरात गळक्या नळाशी झटत होतो, तोच बेल वाजली.

"साहेब इथेच राहतात ना?" बाहेर एक नम्र आवाज.

"कोण साहेब?" ही म्हणाली.

"संरक्षण खात्यातले."

"छे! असं कोणी इथे राहत नाही. मी आणि सासूबाई, दोघीच असतो."

"आजी, मग तुमचा मुलगा?"

"मला मुलगाच नाही!" आईने ठणकावून सांगितलं. सून घरात आली तेव्हापासून दोघींचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हीच ती चौकशी! टॉवेल गुंडाळून, हातात पाना घेऊन मी ओलाचिंब बाहेर धावलो.

"हे कोण?" चौकशी अधिकाऱ्याने विचारलं.

"नळवाला," पापणीही न लववता ही म्हणाली.

"अहो, तो साहेब मीच!"

"ओळखपत्र?"

"ऑफिसात आहे. घरी आणायचं नाही असा नियम आहे. मीच केलाय!"

"बरं. खात्यात नेमकं काय करता?"

"ते..." सवयीने मी आवाज खाली आणला. "ते सांगता येणार नाही!"

ही अधिकाऱ्याला हळूच म्हणाली, "काम चांगलं करतो हो. फक्त मधूनच असं काहीतरी बरळतो."

सचिवपद दुसऱ्याला गेलं. माझी घरी ओळख पटली नाही, एवढंच कारण कळलं. वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं. पण हिला बोलणार काय? तिने माझाच हुकूम पाळला होता.

काही दिवसांनी खात्याची मोठी गाडी दारात उभी राहिली. निर्णय बदलला की काय! मी घाईघाईने कोट चढवून खाली धावलो.

"तुम्ही नाही साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "बाईसाहेबांना न्यायला आलोय."

नव्या अधिकाऱ्यांना तोंड बंद ठेवण्याचे धडे द्यायला खात्याने हिला बोलावलं होतं! संध्याकाळी ती परतली, तेव्हा मी दारातच गाठलं. "काय गं, काय शिकवलंस तिथे?"

हिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आपण नळवाले ना? मग आधी तो नळ बघा. अजून गळतोय."