चाचणीचं आमंत्रण

स्फाक्स शहरातल्या एका शाळेत संगणक शिकवणाऱ्या मुन्सिफनं ठरवलं, की लेकीच्या साखरपुड्याच्या पत्रिका छापायच्या नाहीत. स्वतः प्रोग्रॅम लिहायचा, बटण दाबायचं, की सगळ्यांना ईमेल रवाना! (बटण दाबेपर्यंत सगळेच प्रोग्रॅम उत्तम चालतात.)

प्रोग्रॅम पहिल्याच पावलाला अडला. सर्व्हर म्हणे, आधी सुरक्षित मार्गानं या.

"दरवाजा चुकला वाटतं," मुन्सिफ पुटपुटला.

सासूबाई लल्ला झुबैदा शाल सावरत बाहेर जाऊन आल्या. "कुणी नाहीये हो जावईबापू."

"आई, तो दरवाजा नव्हे. मेल बाहेर पडायचा दरवाजा!"

"मग मागच्या भिंतीला तडा गेलाय, तिथनं जाऊ द्या की."

त्यानं पोर्ट, म्हणजे मेलचा तो दरवाजा, बदलला. आता पडद्यावर नवंच गाऱ्हाणं. त्यानं मोठ्यानं वाचलं, "प्रमाणपत्रावर विश्वास ठेवता येत नाही."

"हे मी लग्नाच्या वेळीच म्हटलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

सर्व्हर खरा असल्याची ग्वाही देणाऱ्या त्या प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाकावी, असा मोह त्याला झाला. पण ते पाप आहे असं तो वर्गात बोंबलून सांगत असे. डोकं धरून बसला असताना त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. संगणकाचा सेल मेला होता आणि घड्याळ कैक वर्षं मागं गेलं होतं. त्याच्या हिशेबी सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचं होतं! मुन्सिफनं तारीख सुधारली, बटण दाबलं. सगळ्या मेल भराभर गेल्या. गडी खुर्चीवरून उठून नाचला.

तेवढ्यात बायको, रौधा, आपला मोबाईल घेऊन आली. "अहो, हे शेवटी काय लिहिलंय?"

आमंत्रणाखाली त्यानंच सकाळी घातलेली ओळ तशीच राहिली होती: 'ही फक्त चाचणी आहे. मनावर घेऊ नये.'

"व्याह्यांनाही गेली?"

"सगळ्यात आधी."

लेक खोलीत जाऊन रडायला लागली. ठरलेलं मोडतंय की काय, या धास्तीनं मुन्सिफ बकलाव्याच्या मिठाईचा डबा आणि रौधाला घेऊन व्याह्यांकडे धावला. व्याही सी खमैस चहात बदाम टाकत होते. मुन्सिफनं श्वासही न घेता माफी मागितली. ती मेल, ती ओळ, आमच्या मनात तसं काही नाही, पोरगी रडतेय, सगळं सगळं.

सी खमैस शांतपणे म्हणाले, "कसली मेल?"

मग चष्मा लावून त्यांनी मोबाईल चाळला. मेल कचऱ्याच्या पेटीत, केस उगवणाऱ्या तेलाच्या जाहिरातीखाली पडली होती. त्यांनी ती अख्ख्या घराला खणखणीत आवाजात वाचून दाखवली, शेवटच्या ओळीसकट. मग सी खमैस असे हसले, की चहा सांडला.

"चाचणी तर चाचणी! आमचं पोर पास होतंय का बघू या."

परतताना मुन्सिफ हळूच म्हणाला, "म्हणजे मी गेलो नसतो, तर त्यांना कळलंच नसतं."

"मेल सुरक्षितच होती हो," रौधा म्हणाली. "तुमच्या तोंडाला तेवढं कुलूप नव्हतं."